तीन नंबरचा बोअर

१

शहराच्या गढा भागातल्या बाजारातून आत वळलं की पोहरकरांचं इंजिन-बोअरिंगचं दुकान लागतं. दुकान म्हणजे एक लांबट पत्र्याची शेड, पुढे मोकळं अंगण आणि अंगणात उघडी पडलेली दोन-चार इंजिनं. वडिलांनी ते चाळीस वर्षं चालवलं. ते गेल्यावर आता सहा वर्षांपासून शर्मिला चालवत होती. बाईमाणूस इंजिनचे ब्लॉक, म्हणजे सिलेंडरांचे बिडाचे ठोकळे, तपासते हे पाहायला पहिल्या वर्षी लोक नुसतेच यायचे. पुढे काम घेऊन यायला लागले, कारण तिच्या हाताखालून गेलेलं इंजिन सहसा परत येत नसे.

सोबतीला नथ्थूकाका. वडिलांच्या वेळेपासूनचे फिटर, साठी ओलांडलेली, वर्धेकडचं बोलणं अजून जिभेवर. ब्लॉक चेनपुलीने उचलून टेबलावर ठेवायचा, रॉकेलने धुवायचा, हातोडीची हलकी टिचकी मारून आवाज ऐकायचा, हे त्यांचं काम. निरोगी लोखंड घंटेसारखं वाजतं, तडा असला तर बद्द वाजतं. त्यानंतर शर्मिलाचं काम सुरू व्हायचं. प्रत्येक सिलेंडरच्या पोकळीत, म्हणजे बोअरमध्ये, ती गेज उतरवायची आणि वर, मध्ये, खाली अशा तीन जागी माप घ्यायची. पिस्टन वर्षानुवर्षं वरखाली होऊन भिंत किती झिजली, ते डायलवरचा काटा सांगतो. त्यावरून ब्लॉक ठेवायचा की टाकायचा ते ठरतं.

जानेवारीतल्या एका सोमवारी सौमित्र शिर्के एक ब्लॉक घेऊन आले. त्यांच्या तीन स्कूलबस होत्या. पनागरकडच्या खेड्यांतली मुलं त्यांतून शहरातल्या शाळेत यायची. एका बसचा ब्लॉक फुटला होता. थंडीच्या सुट्या संपून पुढच्या सोमवारी शाळा उघडणार, म्हणून त्यांनी एका भंगारवाल्याकडून हा जुना ब्लॉक उचलला होता. तपासून सांगा एवढंच त्यांचं म्हणणं.

काकांनी टिचकी मारली. ब्लॉक छान वाजला. शर्मिलाने मापं घेतली. एक, दोन आणि चार नंबरचे बोअर जवळजवळ नव्यासारखे होते. तीन नंबरचा वर ठीक, मध्ये ठीक. अगदी तळाशी मात्र काटा सहा शतांश मिलिमीटर सरकला. केसाच्या जाडीएवढी झीज. फार नव्हती. पण ती होती बोअरच्या शेवटच्या बोटभर पट्ट्यात, जिथे पिस्टनच्या रिंगा पोचतच नाहीत. इंजिन शंभर वर्षं चालवलं तरी त्या जागेला काही घासत नाही.

तिने पुन्हा माप घेतलं. सहा शतांश.

२

तिने काकांना सांगितलं. काकांचा गेजपेक्षा बोटांवर जास्त भरवसा. त्यांनी बाही वर केली, हात बोअरमध्ये घातला आणि डोळे मिटून भिंत चाचपली. कोणीतरी होनिंगचा, म्हणजे भिंत घासायचा, दगड नुसता खालीच फिरवला असेल, असं त्यांचं मत पडलं. शर्मिलालाही ते पटलं. भंगारातल्या मालावर कोण काय करून ठेवतं ते कोणाला सांगता येतं?

बोलणं झालं तरी काकांचा हात आतच होता.

"गरम आहे बेटा थोडं," ते म्हणाले.

उन्हाने तापलं असेल, असं ती म्हणाली. म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं की टेबल शेडच्या उत्तरेच्या कोपऱ्यात आहे, तिथे ऊन येत नाही, आणि बाकीच्या लोखंडाला त्या दिवसांत हात लावला तर बोटं बधिर होतात. तिने एक नंबरच्या बोअरमध्ये हात घालून पाहिला. बर्फासारखा गार. तीनमध्ये घालायला म्हणून तिने हात उचलला आणि का कोण जाणे, परत घेतला.

मंगळवारी सकाळी दुकान उघडल्यावर तिने पहिल्यांदा तोच ब्लॉक घेतला. तळाशी काटा नऊवर गेला. मध्यावर आदल्या दिवशी काहीच झीज नव्हती, तिथे चार.

ती स्टुलावर बसली. लोखंड टेबलावर ठेवल्या ठेवल्या झिजत नाही. म्हणजे गेज बिघडलं असणार. तिने ते कपाटातल्या प्रमाण-रिंगेवर लावून पाहिलं, अचूक होतं. वडिलांच्या वेळचं दुसरं गेज काढलं. नऊ आणि चार. बाकीचे तीन बोअर कालच्यासारखेच होते. मग तिने स्वतःवर शंका घेतली. सर्दीने डोकं जड होतं, कालचे आकडे चुकीचे लिहिले असतील. पण वहीत आकडे स्वच्छ होते आणि अक्षर तिचंच होतं.

शेवटी तिने ब्लॉकच्या अंगावर, जिथवर झीज आली होती त्या उंचीला, बाहेरून खडूची रेघ मारली. हे आपण काहून करून राहिलो, असं तिला स्वतःलाच विचारावंसं वाटलं. पाणी चढत असलं की लोक भिंतीवर अशी रेघ मारतात.

३

दुपारी सौमित्र चौकशीला आले. अजून दोन दिवस लागतील, असं ती म्हणाली. त्यांना ते रुचलं नाही. शहरातल्याच गोरखपूर भागातले लोक एका दिवसात ब्लॉक तपासून देतात, मुलांचे आईबाप रोज फोन करतात, आणि एवढ्या मजबूत दिसणाऱ्या ब्लॉकमध्ये दोन दिवस पाहायचं तरी काय, असं ते पुष्कळ बोलले. माणूस वाईट नव्हता, घायकुतीला आला होता. शर्मिलाने तीन नंबरचा बोअर दाखवला आणि झीज भलत्या जागी आहे एवढंच सांगितलं. ती वाढते आहे हे तिच्या तोंडून निघेना. दिवसाढवळ्या, शहाण्या माणसासमोर ते वाक्य उच्चारणं तिला जमलं नाही.

सौमित्र वाकून बोअरमध्ये पाहू लागले. मग सरळ झाले आणि त्यांनी रुमालाने तोंड पुसलं.

"दीदी, याच्याखाली पंखा वगैरे लावलाय का? हवा येते आहे."

पंखा नव्हता. ते टेबलापासून दोन पावलं मागे सरकले. दोन दिवस घ्या, म्हणाले आणि चहा न घेताच निघाले.

संध्याकाळी शटर ओढण्याआधी शर्मिलाने गेज उतरवलं. झीज रेघेच्या चार बोटं वर आली होती.

४

बुधवारी काका उशिरा आले. रेशन आणायला गेले होते आणि रिकाम्या पिशव्या घेऊन परतले होते.

"कंट्रोलची मशीन अंगठाच घेऊन नाही राहिली," ते म्हणाले. दहाही बोटं लावून पाहिली. दुकानदाराने उद्या या म्हणून सांगितलं.

शर्मिलाला हसू आलं. चाळीस वर्षं कानस, रॉकेल आणि लोखंडाचा कीस. बोटांवर रेषा राहणार कुठून? जन्मभर कष्ट केलेल्या माणसाचा अंगठा मशीनला चालत नाही, हे गढ्यात नवीन नव्हतं. ती तसं बोललीही. काकाही हसले आणि त्यांनी हात पुढे केला.

तिने तो हात हातात घेतला. बोटांची टोकं गुळगुळीत होती, ते ठीक. पण तळहातावरच्या ठळक रेघाही पुसट झाल्या होत्या. अंगठ्याच्या खाली एक वण असायचा. ती शाळेत असताना छिन्नी निसटून झालेला, गांडुळासारखा फुगीर. लहानपणी त्यावर बोट फिरवायला तिला आवडायचं. तो तिथे नव्हता. तिने हात उजेडाकडे वळवून पाहिला. त्या जागी साधी कातडी होती, मुलाच्या गालासारखी.

घाम येऊन वण जात नाही. रॉकेलनेही जात नाही.

काका, तुम्ही त्यात अजून हात घालता का, असं तिने विचारलं. काका आधी इकडेतिकडे पाहू लागले. मग म्हणाले की ती माल आणायला गेली किंवा फोनवर असली की घालतो एखाद्या वेळी. दुखत वगैरे नाही. उलट या थंडीत हाताचा सांधा मोकळा होतो.

"लोण्यात हात घातल्यावानी वाटते," ते म्हणाले. "काढाच वाटत नाही."

तिने त्यांना त्या ब्लॉकला शिवायचं नाही असं बजावलं. वडील गेल्यापासून ती त्यांच्याशी अशा आवाजात कधी बोलली नव्हती. काकांनी मान हलवली. दिवसभर ते दुसऱ्या कोपऱ्यात इंजिनचं एक हेड घासत बसले. पण तिने मान वर केली की दर वेळी त्यांची नजर उत्तरेच्या टेबलाकडे लागलेली दिसे.

५

गुरुवारी दुपारी काका जेवायला घरी गेले होते आणि वीज गेली. बोअरिंग मशीन थांबलं, धूर बाहेर ओढणारा भिंतीतला पंखा थांबला, आणि शेडमध्ये अशी शांतता पसरली की बाहेर अंगणात चिमणी कुठे उतरली तेही कळावं.

त्या शांततेत तिला तो आवाज ऐकू आला. कोरड्या कागदावरून तळवा फिरवावा तसा. एक लांब घास, मग जरा थांबणं. पुन्हा एक लांब घास, पुन्हा थांबणं. घाई अजिबात नव्हती.

उंदीर असेल, असं तिने मनाशी म्हटलं. चिंधी वाऱ्याने हलत असेल. पण उंदीर इतका एकसारखा हलत नाही, आणि वारा पडला होता. ती उठून चार पावलं गेली. आवाज टेबलाकडून येत होता. ती टेबलाशी पोचली तेव्हा तो थांबला.

इथून तिला निघून जाता आलं असतं. ते तिने नंतर पुष्कळदा मनात घोळवलं. पण ज्या बसमध्ये हा ब्लॉक लागणार होता तिच्यात पस्तीस मुलं बसणार होती, आणि ब्लॉक का नाकारला ते तिला सौमित्रना काहीतरी सांगावंच लागणार होतं. नुसत्या आवाजावर ती काय सांगणार? तिने टॉर्च काढली. ब्लॉक दोन लाकडी ठोकळ्यांवर उभा होता, त्याच्याखाली वीतभर पोकळी होती. टॉर्च पेटवून तिने खाली सरकवली, उजेड वरच्या दिशेने. बोअरमधला बारीक चराही अशाने दिसतो. मग ती ब्लॉकवर वाकली.

चार बोअर, चार गोल. चारही पूर्ण चंद्रासारखे पांढरे. तीन नंबरची भिंत तर आरशासारखी चकाकत होती. आत काही म्हणजे काही नव्हतं.

आणि तीन नंबरचा चंद्र विझला.

टॉर्च चालू होती. बाकीचे तीन गोल तसेच लखलखीत होते. तिसऱ्यात काळोख तळाशी होता आणि तो वर येत होता, भिंतीला चारी बाजूंनी घट्ट धरून, कुठे सुईएवढी फट न सोडता. त्याच्या वरची भिंत चकाकत होती आणि ती चकाकती भिंत इंचाइंचाने कमी होत होती. त्याने पुढे ढकललेली हवा तिच्या तोंडावर आली. ऊबदार हवा. तिला रॉकेलचा वास नव्हता, तेलाचा नव्हता. फार वेळ झोपलेल्या माणसाच्या तोंडाला येतो, तसला वास होता.

ते काठापर्यंत आलं आणि ब्लॉकच्या पृष्ठाशी अगदी समपातळीत थांबलं. तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर. त्याला रंग नव्हता की आकार नव्हता. पण तिथे पोकळी नव्हती, एवढं नक्की. तिथे कोणीतरी भरलेलं होतं.

मग ते खाली उतरू लागलं. तिची एक बट कानामागून सुटून पुढे लोंबत होती. ती बट वळली आणि बोअरच्या आत ओढली गेली.

वीज आली. पंखा घरघरला. चारही गोल पांढरे होते.

६

शर्मिला बाहेर रस्त्यावर आली आणि समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर बसली. भाजीवाला गाडी ढकलत जात होता. कोणीतरी हिंदीत फोनवर भांडत होतं. ती ते सगळं मन लावून पाहत राहिली. भाजीवाला वळणाआड गेल्यावर तिने सौमित्रना फोन लावला आणि ब्लॉक बाद आहे, मी तो कोणालाच देणार नाही, तुम्ही नवीन घ्या, एवढं सांगितलं. का, असं त्यांनी विचारलं नाही. बरं दीदी, म्हणाले.

या सगळ्यात पाऊण तास गेला असेल. काका जेवून परतायची वेळ होऊन गेली होती, आणि काका मागच्या गल्लीच्या दाराने येतात, हे तिला तेव्हा आठवलं.

ती धावत आत गेली.

काका टेबलाशी उभे होते. उजवा हात तीन नंबरमध्ये कोपरापर्यंत गेलेला, गाल ब्लॉकच्या गार पृष्ठावर टेकलेला, डोळे अर्धे मिटलेले. चेहऱ्यावर इतकं समाधान तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने हाक मारली तर त्यांनी डावा हात किंचित उचलून तिला थांबवलं.

"थांब पोरी. आत्ता वर येऊन राहिलं."

तिने त्यांच्या कमरेला मिठी घातली आणि सगळं अंग मागे टाकून ओढलं. हात सुटेना. आतून कोणीतरी धरून ठेवावा तसा तो ताठ झाला, मग बाटलीचं बूच निघावं तसा आवाज झाला आणि दोघंही फरशीवर पडली.

रक्त नव्हतं. काका स्वतःच्या हाताकडे दुसऱ्याची वस्तू पाहावी तसे पाहत होते. बोटांना नखं नव्हती. पेरांच्या घड्या नव्हत्या, रेघा नव्हत्या, केस नव्हते. संपत आलेल्या साबणाच्या वडीसारखा तो हात झाला होता. कोपरापासून वर मात्र तोच जुना, शिरा फुगलेला, काळवंडलेला हात.

शर्मिलाने भिंतीशी टेकवलेला घण घेतला. बिडाचं लोखंड कठीण असतं, पण ठिसूळही. पाचव्या घावाला ब्लॉक उभा चिरला, आठव्याला त्याचे तुकडे झाले. तीन नंबरची भिंत पापडाएवढी पातळ उरली होती. आत काहीच नव्हतं. काका फरशीवर बसून मुलासारखे हुंदके देत होते. हात दुखतो म्हणून की ब्लॉक फुटला म्हणून, ते तिला कळलं नाही आणि तिने विचारलंही नाही.

७

सोमवारी शाळा उघडली. सौमित्रांनी नवीन ब्लॉक टाकला, बस सुरू झाली, मुलं बिनघोर ये-जा करू लागली. ब्लॉकचे तुकडे शर्मिलाने भंगारात दिले नाहीत, अंगणातच ठेवले. रोज सकाळी ती त्या पातळ भिंतीची जाडी मोजायची. तीन आठवडे मोजली. एक शतांशाचाही फरक पडला नाही. लोखंड आता नुसतं लोखंड होतं. याचा आनंद व्हायला हवा होता, पण तो एक दिवसच टिकला. जे वरखाली करत होतं ते त्या लोखंडात राहिलं नसेल, तर ते गेलं कुठे, हा प्रश्न तिला दुसऱ्या दिवशी सुचला.

काका आता घरीच असत. डॉक्टरांनी नसेचं दुखणं म्हटलं, मग कातडीचं म्हटलं, मलम दिलं. त्यांच्या पत्नी नर्मदाकाकू त्यांना जेवू घालायच्या. एक दिवस त्यांनी शर्मिलाला निरोप पाठवला. हाताचं मनगट बारीक होऊन राहिलं असं मला वाटते, डॉक्टर म्हणतात तुमच्या मनाचा खेळ आहे, तर तू तुझं ते मोजायचं घेऊन ये. तेव्हापासून ती दर रविवारी व्हर्नियर, म्हणजे जबड्यांची मोजपट्टी, घेऊन जायची. पहिल्या रविवारी मनगट एकसष्ट मिलिमीटर भरलं. दुसऱ्या रविवारी साठ. आकडा ती मोठ्याने सांगायची आणि काकू तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायच्या.

तिसऱ्या रविवारी काका अंगणात खाटेवर बसले होते. स्वच्छ ऊन होतं. ते खुशीत होते, कुठल्याशा जुन्या ट्रॅक्टरची हकीकत सांगत होते. शर्मिलाने त्यांचा हात मांडीवर घेतला, हलू नये म्हणून डाव्या अंगठ्याने मनगटाची आतली बाजू दाबून धरली आणि व्हर्नियर लावलं. त्रेपन्न. तिने डोळे मिचकावून पुन्हा वाचलं. त्रेपन्नच.

तेवढ्यात तिच्या अंगठ्याखालून काहीतरी गेलं.

ती नाडी नव्हती. नाडी ठोका देते. हे तळहाताकडून आलं, कातडी आतून पुरी भरून, आणि सावकाश कोपराकडे सरकत गेलं. तिचा अंगठा उचलला गेला आणि ते पुढे गेल्यावर खाली बसला. सदऱ्याची बाही कोपराशी किंचित फुगली, दंडाशी फुगली, खांद्याशी येऊन थांबली.

काका वाक्याच्या मध्येच थांबले. त्यांच्या तोंडातून एक लांब, ऊबदार श्वास बाहेर आला आणि तिच्या गालावर पडला. मग बाही खांद्यापासून खाली उतरत आली, आणि काकांनी तुटलेलं वाक्य होतं तिथून पुढे चालू केलं.

काकू पेन घेऊन कॅलेंडरपाशी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा भिंतीकडे होता.

"किती?" त्यांनी विचारलं.

शर्मिलाने व्हर्नियरचे जबडे मिटवले. काका तिच्याकडे पाहत होते, प्रेमाने, आणि अंगठा अजून तिथेच ठेवावा अशा आशेने.

"साठ," ती म्हणाली. "मागच्या रविवारी होतं तेवढंच आहे काकू."